भाद्रपदापूर्वीचा मुहूर्त

गणपतीसाठी चाकरमानी गावी येऊ लागतात, त्याच सुमारास सिंधुदुर्गातल्या वाड्यावाड्यांतून कुत्र्यांच्या झुंडीही फिरू लागतात. एका कुत्रीमागे सहा-सात कुत्रे, रात्रभर चाललेली भांडणे, शाळेच्या वाटेवर थबकलेली मुले आणि मोटारसायकलीखाली सापडलेले एखादे जनावर, हे मालवणपासून दोडामार्गपर्यंत दरवर्षीचे दृश्य आहे. ‘भादव्यातली कुत्री’ हा शब्दप्रयोग मराठी माणूस दुसऱ्याला हिणवण्यासाठी वापरतो. पण त्यामागचे निरीक्षण शास्त्रीय म्हणावे इतके अचूक आहे. आपल्याकडील गावठी कुत्री प्रामुख्याने पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येते. तिचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. म्हणजे तुळशीची लग्ने आटोपतात तो पडवीच्या कोपऱ्यात, लाकडांच्या खोपीत किंवा गवताच्या कुडीखाली पाच-सहा पिले दिसू लागतात.

पुढचे पर्व दत्तजयंतीच्या सुमाराचे. पिलांचे डोळे उघडलेले असतात, ती अंगणात लुडबुडू लागतात. नर पिलांना शेजारीपाजारी, आप्तेष्टांकडे घरे मिळतात. माद्या उरतात, आणि एखाद्या सकाळी त्या गोणत्यात घालून मासळीबाजाराजवळ, महामार्गाच्या कडेला किंवा किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात सोडून दिल्या जातात. टेंबेस्वामींचे जन्मगाव माणगाव याच जिल्ह्यात आहे. दत्तमूर्तीच्या पायाशी उभ्या असलेल्या चार श्वानांना हार घालणारे आणि गोणते उचलणारे हात पुष्कळदा एकाच घरातले असतात, याचे कुणाला फारसे वैषम्य वाटत नाही.

घरच्या कुत्र्याचे निर्बीजीकरण केव्हा करावे, हा प्रश्न वरवर पाहता पशुवैद्याच्या टेबलावरचा, फार तर हौशी श्वानप्रेमींच्या चर्चेचा वाटतो. शहरातल्या सदनिकेत तो तसा असेलही. मालवणच्या किनारपट्टीवर मात्र तो गावाच्या अर्थव्यवहाराचा प्रश्न आहे. कारण येथे निर्णय न घेण्याची किंमत निर्णय न घेणारा देतच नाही.

आधी शब्दाविषयी. ‘नसबंदी’ हा शब्द सर्रास वापरला जातो, पण तो चुकीचा आहे. या शस्त्रक्रियेत नलिका बांधल्या जात नाहीत. नराची वृषणे आणि मादीची बीजांडे, बहुधा गर्भाशयासह, काढून टाकली जातात. प्रजननाबरोबर त्या ग्रंथींतून पाझरणारी संप्रेरकेही थांबतात. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळातील सक्तीमुळे त्या शब्दाला जी कटुता चिकटली ती वेगळीच. ‘नको रे बाबा, मुक्या जनावराला कशाला ते’ या उद्गारात तिचा थोडा अंश आजही सापडतो. पण खेड्यातल्या माणसाला ही क्रिया अपरिचित खासच नाही. पिढ्यान् पिढ्या तो बैल खच्ची करीत आला आहे.

आणि खच्ची केव्हा करावा हेही तो जाणत होता. खोंड अगदी लहान असताना त्याला खच्ची केले तर तो उंच, लांबट पायांचा होतो. मान भरत नाही, वशिंड धरत नाही, जोताला जोर राहत नाही. म्हणून दात पडून नवे येईपर्यंत, अंग भरेपर्यंत थांबावे, हा शेतकऱ्याचा हिशेब होता. उलट फार उशीर केला तर खोंड आवरेनासा होतो. पॉवर टिलरने कोकणातल्या खाचरांतून बैल हुसकावला आणि त्याबरोबर हे ज्ञानही ओसरले. नाहीतर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून अलीकडे आलेले निष्कर्ष ऐकून जुन्या शेतकऱ्याने ‘हे आम्हाला ठाऊकच होते’ असे म्हटले असते.

ते निष्कर्ष थोडक्यात असे. त्या विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय रुग्णालयातील नोंदींवरून बेंजामिन हार्ट, लिनेट हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या नरांपैकी दहा टक्क्यांना खुब्याच्या सांध्याचा विकार आढळला. न केलेल्यांत हे प्रमाण निम्मे होते. हाडांची वाढ केव्हा थांबवायची हा निरोप लैंगिक संप्रेरके देतात. तो निरोप आलाच नाही तर हाडे जरा अधिक काळ वाढत राहतात आणि सांध्यांचे जमलेले गणित बिघडते. खोंडाचे लांबट पाय आणि कुत्र्याचा दुखरा खुबा यांचे मूळ एकच. २०२० साली याच गटाने ३५ जातींचा तुलनात्मक अभ्यास मांडला. त्यानुसार जर्मन शेफर्डच्या बाबतीत दोन वर्षे, लॅब्रॅडॉर मादीच्या बाबतीत एक वर्ष थांबणे श्रेयस्कर ठरते. लहान चणीच्या बहुतेक जातींत मात्र लवकर केल्याने सांध्यांचा धोका वाढलेला दिसत नाही. संकरित कुत्र्यांत ही सीमारेषा साधारण वीस किलो वजनाची आहे.

मादीच्या पारड्यात दुसरीही वजने आहेत. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाचे आकडे पशुवैद्यकांच्या कित्येक पिढ्यांना पाठ आहेत: पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर स्तनग्रंथींच्या कर्करोगाचा धोका, शस्त्रक्रिया न झालेल्या मादीच्या मानाने, अवघा अर्धा टक्का उरतो, एका माजानंतर आठ टक्के, दोन माजांनंतर सव्वीस टक्के. २०१२ साली ब्रिटनमधील संशोधकांनी उपलब्ध पुराव्याची फेरतपासणी केली आणि तो समजला जातो तितका भक्कम नाही असा अभिप्राय दिला. तेव्हा हे आकडे वेदवाक्य मानण्याचे कारण नाही. पण गर्भाशयात पू होण्याच्या विकाराबाबत असा संशय उरत नाही. स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांचा विमा उतरवण्याची चाल असल्याने तेथील नोंदी चांगल्या आहेत, आणि त्या सांगतात की शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांपैकी जवळजवळ एक-चतुर्थांश माद्यांना दहा वर्षांच्या आत हा विकार जडतो. वेळीच उपाय झाला नाही तर तो जीव घेतो. दुसऱ्या बाजूला, शस्त्रक्रिया झालेल्या काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींच्या, पुढे मूत्रावर ताबा राहत नाही. हेही लपवू नये.

स्वीडनचे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या देशात वैद्यकीय कारणावाचून कुत्र्याचे निर्बीजीकरण करण्यास १९८८ पर्यंत कायद्याने बंदी होती, आणि आजही तेथे त्याचे प्रमाण कमीच आहे. तरीही तेथे रस्तोरस्ती पिले दिसत नाहीत. कारण तेथला कुत्रा दोरीला असतो. माजाचे तीन आठवडे मालक मादीला डोळ्यांआड होऊ देत नाही. कुंपणे उंच आहेत, दारे बंद आहेत. अशा ठिकाणी ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या एका प्राण्याच्या हाडांत आणि ग्रंथींत शोधता येते.

मालवणातल्या घराला चिऱ्यांचा गडगा असतो, तोही कंबरेएवढा. कुत्रा तो एका उडीत ओलांडतो. शिवाय कुत्रा ठेवलेला असतो तोच मुळी मोकळा राहण्यासाठी. माकडे नारळ-केळींवर उतरतात, रानडुकरे कणगराच्या मळीत शिरतात, काजूच्या दिवसांत बागेत रात्री जाग हवी असते. साखळीला बांधलेला कुत्रा यातले काहीच करू शकत नाही. तेव्हा ‘मादीला माजात कोंडून ठेवा’ हा पुस्तकी सल्ला येथे निरुपयोगी आहे. शस्त्रक्रियेचे वय ठरवताना पशुवैद्याने जातीइतकीच चौकशी गडग्याच्या उंचीची केली पाहिजे.

गावठी कुत्री सहसा वीस किलोंच्या आतच असते. सांध्यांच्या भीतीने तिच्यासाठी थांबण्याचे कारण नाही. कार्तिकात जन्मलेली मादी वैशाखात सहा महिन्यांची होते आणि भाद्रपदात दहा महिन्यांची. तिचा पहिला माज बहुधा त्याच भाद्रपदात येतो. म्हणजे शस्त्रक्रियेसाठी शरीर पुरेसे सिद्ध झालेले आहे आणि पहिला माज अजून आलेला नाही, असा काळ वैशाख ते श्रावण एवढाच मिळतो. त्यातून पावसाचे दिवस वगळावेत हे उत्तम. टाके दहा-बारा दिवस कोरडे राहावे लागतात. चिखलात लोळणाऱ्या, पागोळ्यांखाली झोपणाऱ्या जनावराच्या जखमेला माश्या बसून किडे पडतात. तेव्हा अक्षय्य तृतीया ते मृग नक्षत्र, हा खरा मुहूर्त. पंचांगात तो छापलेला नसतो. अधिक मास आला की तिथी महिनाभर सरकतात आणि कुत्री काही त्यांच्यासाठी खोळंबत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

मोठ्या जातीच्या कुत्र्याचा हिशेब वेगळा. मुंबईचा मुलगा हौसेने आणलेले लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डचे पिलू वर्षभराने गावी म्हाताऱ्या आईवडिलांकडे पाठवतो, हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. या जातींच्या माद्या वर्षातून सुमारे दोनदा, कोणत्याही महिन्यात माजावर येतात. त्यांना भाद्रपदाची वाट पाहावी लागत नाही. शास्त्र म्हणते थांबा, गडगा म्हणतो थांबू नका. येथे मादीवर खरोखर लक्ष ठेवणारे माणूस घरात आहे काय, एवढाच प्रश्न विचारावा. असेल तर एक-दोन वर्षे जरूर थांबावे. सत्तरीतल्या दोन जीवांवर ती जबाबदारी टाकलेली असेल, तर सांध्यांचा काही टक्के धोका पत्करून शस्त्रक्रिया लवकर उरकणे हेच शहाणपणाचे. ती माज चालू असताना मात्र करू नये. त्या अवयवांचा रक्तपुरवठा तेव्हा वाढलेला असतो. माजानंतर दोन-तीन महिने जाऊ द्यावेत.

नराच्या बाबतीत घाई नाही. गावातल्या दहा नरांपैकी नऊ निर्बीज केले तरी उरलेला एक सगळ्या माद्यांना पुरेसा असतो, त्यामुळे संख्येचा प्रश्न मादीपाशीच सुटतो. नराचा लाभ नराला स्वतःला. तो भटकत नाही, भांडणांत फाटत नाही, आणि संभोगातून पसरणाऱ्या त्या रक्ताळ गाठीपासून वाचतो, जी आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांत सदैव दिसते. वर्षाच्या आसपास हे केले तरी चालते. गंमत अशी की नराच्या शस्त्रक्रियेला सर्वांत कडाडून विरोध घरातला पुरुष करतो. त्याचे मानसशास्त्र येथे उलगडण्याचे कारण नाही.

आक्षेप आणखीही आहेत. निर्बीज कुत्रा आळशी होतो, राखण करीत नाही, असे म्हणतात. तो लठ्ठ होतो हे खरे, कारण त्याची भूक तशीच राहते आणि गरज घटते. भाताचा एक गोळा कमी केला की हा दोष जातो. भुंकणे आणि घर राखणे ही हद्दीची जाणीव आहे, ती वृषणांत नसते. उलट रात्रभर मादीमागे चार वाड्या ओलांडणारा कुत्रा कुणाची राखण करतो? मादीला एकदा तरी वेत होऊ द्यावे, त्याशिवाय तिचे पोषण नीट होत नाही, ही समजूत तर सुशिक्षितांतही आहे. तिला वैद्यकीय आधार नाही. आणि ‘बिबट्या नेणारच आहे, मग कशाला खर्च’ हा आंबोलीच्या पायथ्याकडचा युक्तिवाद ऐकणाऱ्याला निरुत्तर करणारा असला, तरी बिबट्याला सवय लागते तीच मुळी सहज मिळणाऱ्या कुत्र्यांची, ही गोष्ट त्यात सोयीस्करपणे गळते.

सर्वांत दांभिक आक्षेप निसर्गाचा आहे. निसर्गक्रमात आपण का ढवळाढवळ करावी? या निसर्गक्रमाचा जमाखर्च पश्चिम बंगालमधील संशोधकांनी मांडला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रस्त्यावरच्या ९५ वेतांतील ३६४ पिलांवर लक्ष ठेवण्यात आले. त्यांतली जेमतेम १९ टक्के पिले सात महिन्यांची, म्हणजे प्रजननक्षम वयाची झाली. आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष माणसाचा हात होता. शस्त्रक्रिया टाळणारा मालक पाच जीवांना जन्म देऊ देतो आणि त्यांतल्या चौघांचा मृत्यू दुसऱ्याच्या दारात घडवतो.

येथे प्रश्न पशुवैद्यकाकडून अर्थशास्त्राकडे येतो. शस्त्रक्रियेचा खर्च एकट्या मालकाच्या खिशातून जातो: औषधोपचार, तालुक्याच्या गावी जाण्यासाठी केलेली रिक्षा, एक दिवसाची बुडालेली मजुरी, पुढचे दहा दिवस जनावराची उस्तवार. न करण्याचा खर्च मात्र सगळ्या पंचक्रोशीत वाटला जातो. तो दुचाकीवरून पडलेल्या कारकुनाला भरावा लागतो, लसीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बापाला भरावा लागतो. वायंगणी, तांबळडेगसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तेथे रात्री पहारा करून घरट्यांभोवती जाळी लावणाऱ्यांनाही तो भरावा लागतो, कारण सुरूच्या बनात सोडलेली मादी पिले उपाशी मरत नसतील तर पुढच्या हंगामात वाळू उकरतात. पर्यटनाच्या दिवसांत तारकर्ली-देवबागच्या खानावळींमागे उष्ट्यावर पोसलेल्या झुंडी पावसाळ्यात, मासेमारी आणि गिऱ्हाईक दोन्ही बंद असताना, गावात शिरतात. खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा असेल तेव्हा तो एक माणूस टाळाटाळ करतो. हा त्याचा दुष्टपणा नव्हे, हिशेब आहे. असा हिशेब बदलायचा तर उपदेश पुरत नाही, खर्चाचा काही भाग ‘सर्वां’नी उचलावा लागतो.

कायद्याने मात्र ही गाठ सोडवलेली नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २००१ साली श्वान प्रजनन नियंत्रणाचे नियम झाले. त्यांनी कुत्र्यांचे दोन वर्ग केले: पाळीव आणि रस्त्यावरचे. पाळीव कुत्र्याच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकाची, रस्त्यावरच्याची स्थानिक संस्थेची. २०२३ साली नवे नियम आले आणि ही कामगिरी नगरपालिकांबरोबर पंचायतींकडेही असल्याचे स्पष्ट झाले. पण कोकणातला बहुसंख्य कुत्रा या दोन्ही रकान्यांत बसत नाही. तो ‘दारचा’ असतो. भाकरीपुरता त्याला मालक असतो, त्याच्या नावाने हाक मारली जाते. पण तो कुणाला चावला, किंवा मादी व्याली, की तोच कुत्रा क्षणात बेवारशी ठरतो. पंचायत म्हणते तो पाळीव, घरवाला म्हणतो तो गावचा.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातील सर्व भटके कुत्रे निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला आणि ११ दिवसांनी मोठ्या पीठाने तो बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्रे वगळता इतरांना लस देऊन व निर्बीज करून जागच्या जागी सोडावे असे ठरवले. देशभर दोन तट पडले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. रस्त्यावरचा कुत्रा रस्त्यावर येतो कोठून, हे त्या गदारोळात फार थोड्यांनी विचारले. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातील भटक्या कुत्र्यांची संख्या पावणेतेरा लाखांच्या घरात भरली. त्यांच्यात किती गोणती रिकामी झाली असतील, याचा अंदाज कोकणातल्या कोणत्याही शिक्षकाला करता येईल.

खाडीपलीकडे एक उदाहरण आहे. गोव्यात २०१४ पासून राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी दरवर्षी सुमारे एक लाख कुत्र्यांना घरोघरी, वाडोवाडी फिरून लस टोचण्याचे काम नेटाने चालवले. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत तेथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. हे यश लसीचे आहे, निर्बीजीकरणाचे नव्हे, हा भेद नीट लक्षात घ्यावा. शस्त्रक्रियेने रेबीज टळत नाही. पण सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचून ठेवली आणि दरवर्षी कार्तिकात तितकीच नवी पिले लसीवाचून भर पडली, तर ते सत्तर टक्के पुढच्या वर्षी किती उरतील? लस टिकवायची तर जन्मदर आवरावा लागतो. आणि तेरेखोलच्या अलीकडचा कुत्रा पलीकडे जाताना राज्याची सीमा विचारीत नाही.

सिंधुदुर्गात असे काम उभे करण्यात अडचणी खऱ्या आहेत. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने गुरांसाठी उभारले गेले. कुत्रीचे पोट उघडण्याची शस्त्रक्रिया, भूल, नंतरचे चार दिवस ठेवण्याच्या पिंजऱ्यांची सोय, यांची तेथे अपेक्षाच नव्हती. त्यात मृगापूर्वीचे आठवडे म्हणजे घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसीकरणाची धांदल. नेमक्या त्याच काळात डॉक्टरांना कुत्र्यांसाठी मोकळे करायचे तर बाहेरून प्रशिक्षित पथक बोलवावे लागेल, जनावरे नेण्या-आणण्यासाठी गाडी लागेल आणि तिचा खर्च पंचायतीच्या अंदाजपत्रकात माघ-फाल्गुनातच धरावा लागेल. सगळ्या कुत्र्यांचा विचार करू गेल्यास हा डोंगर वाटतो. पहिल्या वर्षी केवळ घरोघरच्या, गेल्या कार्तिकात जन्मलेल्या माद्या घेतल्या तर एका वाडीत त्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघतील. कोणाच्या पडवीत त्या आहेत हे पोस्टमनला, अंगणवाडी सेविकेला आणि चौथीतल्या मुलांना तोंडपाठ असते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्यांच्यासाठी एकही रकाना नाही.